आधी जेवण, मग खोली

कोथरूडमध्ये घर बघायला आलेली माणसं आधी पाण्याचं विचारतात, मग पार्किंगचं, आणि जिना उतरताना हमखास विचारतात, "इथे जवळपास खायला काय आहे?" या प्रश्नाला आमच्याकडे भरभरून उत्तर मिळतं. नळस्टॉपला शहर जागं व्हायच्या आत पोह्यांना वाफ आलेली असते. कर्वे रस्त्यावर काटाकिर्रची मिसळ आहे, एमआयटीजवळ कॅफे दुर्गाची कोल्ड कॉफी आहे, मासे खाणाऱ्यांना कोकण एक्सप्रेस आहे. गल्लीबोळातल्या पोळी-भाजी केंद्रांची तर गणतीच नको. पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांनी चौथ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट सोडून खाली डोसा मिळतो म्हणून पहिल्या मजल्यावरचा घेतल्याचं मी पाहिलं आहे, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नाही.

हीच माणसं परदेशातलं हॉटेल ठरवायला बसली की हा प्रश्न विसरतात. पलंगाचे फोटो बघतात, तारे मोजतात, नाश्ता धरून भाव किती ते बघतात. खोलीच्या दाराबाहेर पाच मिनिटांच्या अंतरावर काय शिजतं, हे मात्र कुणी बघत नाही. मग रात्री आठ वाजता, पाय दुखत असताना, परक्या गावात जेवणाच्या शोधात वणवण होते आणि शेवटी खोलीत येऊन घरून नेलेले ठेपले सोडले जातात. ठेपल्यांशी माझं वैर नाही. पण एवढे पैसे खर्चून गेलेल्या माणसाने त्या देशाच्या चवीला पारखं होऊन परत यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचा जपानचा बेत कोथरूडमध्येच, हॉटेलांच्या टेबलांवर शिजला. रविवारी संध्याकाळी घरातले सगळे बाहेर जेवायला जातो. दारातल्या माणसाकडच्या वहीत नाव लिहायचं, फुटपाथवर उभं राहायचं, नाव पुकारलं की आत जायचं. तो ताटकळण्याचा वेळ आणि ऑर्डर देऊन ताट येईपर्यंतचा वेळ, असा सबंध आठवड्यात चौघं एकत्र असण्याचा तेवढाच काळ. चौघं म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि आमच्याकडे शिकायला राहिलेली भाची. भाची जपानी शिकते. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे, आमच्याच सोसायटीत आणखी दोघी निघाल्या. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, संकष्टी कडक.

बाहेर जेवणं ही पुण्यात एके काळी चैन नव्हतीच, ती ज्यांचं घर इथे नव्हतं त्यांची गरज होती. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत किंवा लक्ष्मी रस्त्यावर १९३५ साली सुरू झालेल्या पूना गेस्ट हाऊसमध्ये जेवणारा माणूस म्हणजे बहुधा विद्यार्थी, एकटा नोकरदार, नाहीतर कामासाठी गावाकडून आलेला. पेठांतली कुटुंबं कोथरूडला राहायला आली, दोघांच्या नोकऱ्या झाल्या, आणि खानावळीची जागा 'फॅमिली हॉटेल'ने घेतली. सासूबाईंनी हे सगळं डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं आहे. त्यांच्या माहेरी हॉटेलात जाणं चोरून असे. आता मेनूकार्ड आधी त्यांच्या हातात जातं.

जपानच का, असं अनेकांनी विचारलं. कर्वे पुतळ्यावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला खरं तर हा प्रश्न पडू नये. १९१५ साली महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती. त्या वर्षअखेरीस मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये आपल्या हिंगण्याच्या परिसरात ती प्रत्यक्षात आली. पुढे १९२९ च्या मार्चमध्ये, एकाहत्तराव्या वर्षात असताना, कर्वे जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, अमेरिका असं करत टोकियोचं ते विद्यापीठ पाहूनच १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. सासूबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ते त्या वयात बोटीने गेले, मग मला विमानात बसायला काय होतंय?" बेत त्या वाक्यावर पक्का झाला.

व्हिसासाठी जपान दिवसवार कार्यक्रम मागतं. कुठल्या तारखेला कुठे असणार आणि रात्री कुठल्या हॉटेलात राहणार, नाव-पत्ता-फोनसह. कित्येकांना हा कागद कटकटीचा वाटतो, मला तो फार उपयोगी वाटला. तो भरायचा म्हटलं की प्रवास आधी डोळ्यांसमोर उभा करावाच लागतो. आम्ही त्याच कागदाला घरी आणखी एक रकाना जोडला: 'रात्रीचं जेवण'. ज्या रांगेत तो रकाना रिकामा राहील ते हॉटेल रद्द. फुकटात रद्द करता येतील अशीच आरक्षणं आधी केली आणि ताटांमागून ताटं संपत गेली तशी ती बदलत गेलो.

जपानी हॉटेलांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे, ते आधी समजून घ्यावं. भाव खोलीचा नसून बरेचदा माणशी असतो, म्हणून शोधताना माणसांची संख्या नीट भरली नाही तर स्वस्त दिसणारी खोली दुप्पट निघते. स्टेशनाजवळच्या 'बिझनेस हॉटेल'ची दोघांची खोली बारा-पंधरा चौरस मीटरची असते. मोठी बॅग उघडली की चालायला जागा नाही. 'सेमी-डबल' नावाचा पलंग दोघांसाठी म्हणून विकतात, पण त्याची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास. वयस्कर माणसांनी 'ट्विन' घ्यावं. दुपारी तीनच्या आत खोली मिळत नाही, पण सामान सकाळपासून ठेवून घेतात. खोलीत रात्रीचे कपडे, सपाता, पाणी तापवायची किटली आणि तळमजल्यावर नाण्यांवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र बहुतेक ठिकाणी असतं, म्हणजे कपडे निम्मेच न्यावेत. आणि खोली कितीही लहान असली तरी स्वच्छतेत खोट काढायला जागा नसते.

मराठी प्रवाशांमध्ये छोटा इलेक्ट्रिक कुकर बरोबर नेण्याची पद्धत आहे. जपानला तो नेऊ नये. हॉटेलच्या खोलीत शिजवायला परवानगी नसते, हे एक. दुसरं म्हणजे तिथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची शेगडी किंवा कुकर तिथे लावला तर जेमतेम पाचवा हिस्सा उष्णता देतो. भात शिजायची वाट बघत रात्र निघून जाईल. मेतकूट, लसणाशिवायची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट एवढं न्यावं. साधा वाफाळता भात तिथे कुठेही मिळतो आणि तो इतका चांगला असतो की त्यावर मेतकूट-तूप पुरतं.

शाकाहाऱ्याची खरी गाठ पडते ती 'दाशी'शी. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं पाणी. समुद्रातल्या कोंबूचं म्हणजे शेवाळाचं केलं तर शाकाहारी, पण बहुतेक ठिकाणी त्यात कात्सुओबुशी असते, म्हणजे वाळवून-धुरावून लाकडासारख्या झालेल्या बोनिटो माशाचा कीस. मिसो सूपमध्ये ती, सोबा नूडल्स बुडवून खायच्या सॉसमध्ये ती, शिजवलेल्या भोपळ्यात ती. 'मांस नको, मासा नको' म्हटलं की वाढणारा माणूस मनापासून होकार देतो आणि तेच सूप आणून ठेवतो, कारण त्याच्या लेखी त्यात मासा दिसत नाही. त्याने फसवलेलं नसतं. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या यादीनेही भागत नाही: सक्तीने लिहायच्या पदार्थांत कोळंबी, खेकडा, गहू, सोबा, अंडं, दूध, शेंगदाणा, अक्रोड आहेत, बोनिटो नाही. म्हणून घटकांची सबंध ओळ वाचावी लागते. फोनचा कॅमेरा धरला की तिचं भाषांतर होतं.

भाचीने जपानीत एक कार्ड लिहिलं. 'आम्ही शाकाहारी आहोत' एवढ्यावर ती थांबली नाही. मांस, मासा, अंडं नाही, कात्सुओची किंवा सुक्या माशांची दाशी नाही, कोंबूची आणि शिताके मश्रूमची चालेल, दूध चालेल, तेम्पुरा म्हणजे भाज्यांचं तळण मिठाबरोबर द्या, सॉस नको. काय चालेल हे लिहिल्याने स्वयंपाक्याला वाट सापडते. नुसती नकारघंटा वाचली की तो हात जोडून माफी मागतो. हे कार्ड दाखवल्यावर ओसाकातल्या एका अगदी छोट्या दुकानात, जिथे काउंटरभोवती जेमतेम आठ खुर्च्या होत्या, आजोबांनी ते दोनदा वाचलं, आत गेले आणि आमच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. भाताबरोबर रताळं, कमळाची मुळं, भोपळा, शिशितोची मिरची, सगळं तिथल्या तिथे तळून एकेक करून पानात. कमळकाकडीचा तो कुरकुरीत काप मीठ लावून खाल्ला आणि सासूबाईंनी आणखी मागून घेतला.

ओसाकात आम्ही नाम्बा भागात उतरलो. एक तर तिथे रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं, आणि कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे तिथूनच सुटते. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरूनच पुढच्या हॉटेलला रवाना केल्या. 'ताक्क्युबिन' ही घरपोच सामान पोचवण्याची सेवा यामातो कंपनीने १९७६ साली सुरू केली. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी बॅग पुढच्या हॉटेलात तुमची वाट बघत असते. एका बॅगेला दोन-अडीच हजार येन पडतात, म्हणजे शंभर येनला साठ रुपयांच्या आतबाहेर धरले तर बाराशे ते पंधराशे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्याने हा खर्च कधीही वाचवू नये. जिन्यांवर बॅगा ओढत बसण्यापेक्षा तो फार स्वस्त आहे.

आता कोयासान. या सबंध लेखातलं एकच ठिकाण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

नाम्बाहून गाडी डोंगरात शिरते आणि गोकुराकुबाशी स्टेशनला संपते. तिथून केबलकार, मग बस. साधारण दोन तासांत आठशे मीटर उंचीवर, देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांच्या रानात आपण येतो. इ.स. ८१६ साली कुकाई या भिक्षूला सम्राटाकडून हा डोंगर मिळाला आणि त्यांनी इथे शिंगोन पंथाचं पीठ उभं केलं. आज शंभरावर मठ आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत प्रवाशांना राहता येतं. या निवासाला 'शुकुबो' म्हणतात. भाव माणशी, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला. जेवण 'शोजिन र्‍योरी', म्हणजे भिक्षूंचं अन्न: मांस, मासा नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं त्यासाठीच मी हा मुक्काम सगळ्यांत आधी पक्का केला होता. बाकीची हॉटेलं त्याच्या तारखेभोवती लावली.

भाचीने मठाला आधीच मेल लिहून ठेवली होती: आजीचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही, खुर्ची मिळेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की मिळेल, आणि खोली तळमजल्यावर देऊ. हे आधी विचारावं. न्हाणीघर सामाईक असतं, दार रात्री लवकर बंद होतं, नोव्हेंबरात थंडी कडाक्याची असते. हॉटेलच्या सोयी इथे शोधू नयेत.

जेवण साडेपाचला. कोथरूडमध्ये त्या वेळी आमचा चहा होतो. खोलीच्या सरकत्या दाराबाहेर पावलं वाजली, दार अलगद बाजूला झालं आणि विशी-बाविशीतल्या एका भिक्षूने लाल लाखेचे छोट्या पायांचे चौरंग एकेक करून आत आणून ठेवले. प्रत्येकापुढे एक मोठा, त्याच्या शेजारी एक लहान. झाकणाच्या वाटीत सूप, कोंबू आणि शिताकेच्या पाण्याचं. एका बशीत कोयादोफू: हा इथलाच पदार्थ, डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवलेलं टोफू. शिजवल्यावर ते स्पंजासारखं रस धरतं आणि दाताखाली सोडतं. एकीकडे भाज्यांचे तळणाचे तुकडे, मिठाची चिमूट बाजूला. गाजराच्या कापाला मेपलच्या पानाचा आकार. मुळ्याचं लोणचं. मधोमध एका निळ्या वाटीत पांढुरका चौकोन, वर हिरवा वसाबीचा ठिपका. हे गोमादोफू. नाव टोफूचं असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तीळ बारीक वाटून, गाळून, त्यात कुझू नावाच्या मुळाचं सत्त्व घालतात आणि घट्ट होईपर्यंत हात न थांबवता ढवळतात. सासूबाईंनी चमच्याने कोपरा तोडला, जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "खरवसासारखं आहे गं. पण तिळाचा." त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सावकाश, एकेक वाटी संपवत गेल्या. पानात काही टाकलं नाही.

शोजिन जेवणात पाच रंग, पाच चवी आणि पाच पद्धतींनी केलेले पदार्थ असावेत असा दंडक आहे. आपल्या पानातल्या डाव्या-उजव्या बाजूचा हिशेब ज्याला कळतो, त्याला हा दंडक समजावून सांगावा लागत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा आपल्याकडे जशा ठरलेल्या, तशाच इथे वाट्यांच्या जागा ठरलेल्या.

पहाटे सहाच्या सुमाराला प्रार्थना. अंधाऱ्या सभागृहात धूप, घंटेचा एक ठोका, मग दोघा भिक्षूंचा खर्जातला पाठ. शिंगोन पंथात बीजाक्षरांचं महत्त्व फार. सिद्धम् लिपीतली संस्कृत अक्षरं इथे मठामठांत दिसतात. काही मठांत सकाळी होमही होतो. सासूबाई हात जोडून बसून राहिल्या.

नाश्ता करून आम्ही ओकुनोइनकडे निघालो. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष आणि त्यांच्या सावलीत दोन लाखांहून अधिक समाध्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या. सरदारांच्या, सामान्यांच्या, आणि काही कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी बांधलेल्याही. वाटेच्या शेवटी कुकाईंची समाधी. इ.स. ८३५ मध्ये ते ध्यानस्थ झाले ते अजूनही ध्यानातच आहेत, अशी इथली श्रद्धा. म्हणून त्यांना आजही रोज दोन वेळा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. साडेदहाचं आम्ही पाहिलं. पिवळी वस्त्रं घातलेले भिक्षू खांद्यावर पांढरी लाकडी पेटी घेऊन आले. आधी अजिमी जिझो या चव पाहणाऱ्या देवतेपुढे थांबले. तिथे नैवेद्य दाखवून झाल्यावर पूल ओलांडून आत गेले. पुलापलीकडे फोटो काढता येत नाही, मोठ्याने बोलता येत नाही. जवळपास बाराशे वर्षं हा क्रम चालू आहे. सासूबाई रोज सकाळी देवापुढे वाटीत साखर ठेवतात आणि मगच चहा घेतात. त्यांना या प्रकाराचा अर्थ कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी चपला काढल्या आणि नमस्कार केला.

क्योटोबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नोव्हेंबरात पानं लाल होतात तेव्हा हॉटेलांचे भाव चढतात, शिवाय शहराचा मुक्काम कर वेगळा. आम्ही निशिकी बाजारापासून चालत जाता येईल असं हॉटेल घेतलं होतं. चारशे मीटरची ती गल्ली, लोणची, टोफू, भाजलेले चेस्टनट. पण ती संध्याकाळी सहाच्या आत मिटते, हे लक्षात ठेवावं. जेवणाची बरीच दुकानं दुपारी अडीचला बंद होऊन पाचला उघडतात आणि रात्री आठच्या सुमाराला शेवटची ऑर्डर घेतात. रात्री नऊला जेवायला बाहेर पडणाऱ्या कोथरूडकराने आपलं पोट दोन तास अलीकडे आणावं. नानझेन्जी देवळाजवळ युदोफू खाल्लं: कोंबूच्या गरम पाण्यात टोफूचे चौकोन, बाकी काही नाही. नवऱ्याला ते मिळमिळीत वाटलं. मला आवडलं. संकष्टी क्योटोतच आली, आणि तिथे तिने घोर लावला नाही, कारण थंडीत भाजलेलं रताळं जपानात दुकानादुकानांत गरम ठेवलेलं असतं. रताळं, केळी, घरचे शेंगदाणे. चंद्रोदयाची वेळ मात्र पुण्याच्या कॅलेंडरवरून घेऊ नका, तिथली बघा.

वाट वाकडी करून ओकायामाला थांबलो ते सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे. २००६ साली झालेली आपली ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेली आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. गर्दी क्योटोच्या मानाने फारच कमी, हॉटेलं स्वस्त, आणि शिन-ओसाकाहून शिंकानसेनने पाऊण तास. पुणेकरांनी इथे एक रात्र जरूर राहावं.

टोकियोत आम्ही शिंजुकू-शिबुया टाळून निशी-कसाईला राहिलो, आणि हा निर्णय मी कुणालाही डोळे मिटून सुचवीन. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामांसाठी आलेल्या भारतीय इंजिनियरांनी तोझाई मेट्रोवरच्या या भागात घरं घेतली आणि हळूहळू इथे भारतीय वस्ती झाली. हा एदोगावा वॉर्ड. इथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आला. स्टेशनातून बाहेर आलं की वाणसामानाची भारतीय दुकानं, डोसा, थाळी. दिवसभर जपानी जेवावं, आणि ज्या रात्री सासूबाईंना वरण-भात हवासा वाटेल त्या रात्री तो पाच मिनिटांवर असावा, एवढीच आमची अपेक्षा होती. ती पुरी झाली. शहराच्या मध्यभागी जायला मेट्रोने वीस मिनिटं लागतात.

एका सकाळी मेजिरोला जाऊन आम्ही जपान महिला विद्यापीठ बाहेरून पाहिलं. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली ते सुरू केलं. फाटकाजवळ मुलींचे घोळके हसत-खिदळत आत चालले होते. सासूबाई स्वतः कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या, एसएनडीटीच्या, पदवीधर. त्या तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. भाचीने त्यांचा फोटो काढला.

सहलींच्या मराठी कंपन्यांबरोबर जाणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. १९८४ साली केसरी पाटलांनी सुरू केलेल्या केसरीपासून २०१३ च्या वीणा वर्ल्डपर्यंत, या लोकांनी घराबाहेर न पडलेल्या हजारो ज्येष्ठांना जग दाखवलं आणि संध्याकाळी भारतीय जेवणही दिलं. ज्यांना भाषेची, चालण्याची, एकटं पडण्याची भीती आहे त्यांनी तसंच जावं. पण घरात कुणी फोन वापरणारं असेल आणि वेळ काढता येत असेल, तर हॉटेलं स्वतः ठरवावीत. त्या त्या गावाच्या स्वयंपाकघरात शिरायचा तो एकच रस्ता आहे.

जपानला जायचं ठरवलंत, आणि घरात शाकाहारी आई-वडील असतील, तर विमानाच्या तिकिटानंतर लगेच कोयासानची रात्र पक्की करा, शरद ऋतूत तर काही महिने आधीच. खाण्याचे नियम आणि गुडघ्यांचं दुखणं मेलमध्ये स्पष्ट लिहा, जपानीत लिहिता आलं तर उत्तमच. कोथरूडमध्ये जपानी येणारं कुणीतरी तुमच्या जिन्यात नक्की सापडेल, त्यांना जेवायला घेऊन जा आणि कार्ड लिहून घ्या.